ऐतिहासिक छायाचित्रण प्रक्रियांतील घातक रसायनांची साठवण व हाताळणी : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

छायाचित्रणाच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने छायाचित्र, छायाचित्रकार व कॅमेरा या तीन घटकांकडे जाते. ज्या द्रव्यांमुळे काचेवर किंवा कागदावर प्रतिमा उमटत असे, ती द्रव्ये, त्यांच्या बाटल्या, त्या ठेवण्याची जागा आणि त्या हाताळणारी माणसे यांची नोंद इतिहासात क्वचितच घेतली जाते. वास्तविक एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रकार हा अर्धा रसायनज्ञ होता. ईथर, पोटॅशियम सायनाइड, सिल्व्हर नायट्रेट, पारा व त्याचे क्षार, पोटॅशियम डायक्रोमेट ही त्याची नित्याची सामग्री होती. यांपैकी काही द्रव्ये ज्वालाग्राही, काही तीव्र विषारी, तर काही दीर्घकाळ साठविल्यास स्फोटक बनणारी होती.

हा विषय केवळ भूतकाळाचा नाही. डिजिटल तंत्रज्ञान आल्यानंतर गावोगावच्या स्टुडिओंतील अंधारखोल्या बंद पडल्या. अशा खोल्यांतून उरलेली रसायने, काचेच्या निगेटिव्ह व जुन्या फिल्म अनेकदा माळ्यावर किंवा अडगळीत पडून राहतात. दुसरीकडे, जुन्या प्रक्रिया हौसेने पुन्हा करून पाहणाऱ्या तरुणांचा एक वर्ग देशात तयार होत आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या रसायनांचा पश्चिम महाराष्ट्रातील इतिहास तपासून, पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांच्या संदर्भात त्यांच्या सुरक्षित साठवणीचा व हाताळणीचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) ऐतिहासिक छायाचित्रण प्रक्रियांत वापरल्या गेलेल्या घातक रसायनांचे स्वरूप समजून घेणे.
२) दख्खनच्या हवामानाचा व वाहतूक व्यवस्थेचा या रसायनांच्या वापराशी असलेला संबंध तपासणे.
३) साठवणीविषयक कायद्यांच्या विकासाचा आढावा घेणे.
४) शिरूर व दौंड तालुक्यांतील उपलब्ध साधनांच्या आधारे व्यवहार्य उपाय सुचविणे.

मुंबई इलाख्यातील छायाचित्रणाचा आरंभ

लुई दागेर याची प्रक्रिया १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिस येथे जाहीर करण्यात आली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यास आयोडिनची धुरी देऊन, चित्र घेतल्यावर तापविलेल्या पाऱ्याच्या वाफेने प्रतिमा प्रकट केली जाई. म्हणजे छायाचित्रणाचा जन्मच विषारी वाफेच्या सान्निध्यात झाला, असे म्हणावे लागते.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था स्थापन झाली. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला व हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे एतद्देशीय छायाचित्रकार त्यातून पुढे आले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे व्यवसायाने वैद्य व आवडीने छायाचित्रकार होते. त्याच सुमारास इलाख्यातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याचे काम कॅप्टन थॉमस बिग्ज व त्यानंतर डॉ. विल्यम पिगू यांच्याकडे सोपविण्यात आले. आरंभीच्या छायाचित्रकारांत वैद्यक जाणणाऱ्यांचा सहभाग असावा, हे स्वाभाविक होते. सिल्व्हर नायट्रेट व पाऱ्याचे क्षार औषधालयाच्या कपाटातही असत. त्यांचे प्रमाण व त्यांचे विषत्व यांची जाण वैद्यास होती. पुढे हा व्यवसाय सर्वसामान्यांच्या हाती गेला तेव्हा बाटल्या त्यांच्याकडे आल्या, परंतु त्यांविषयीचे शिक्षण त्याच प्रमाणात आले नाही. प्रस्तुत विषयातील मूळ समस्या येथे सुरू होते.

ओल्या कोलोडियनची प्रक्रिया आणि दख्खनचे हवामान

फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली ओल्या कोलोडियनची प्रक्रिया प्रसिद्ध केली. नायट्रोसेल्युलोज हे ईथर व अल्कोहोलच्या मिश्रणात विरघळवून तयार होणारा कोलोडियन काचेवर ओतला जाई. ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून, ओली असतानाच चित्र घ्यावे लागे व लगेच प्रकट करावे लागे. हे सर्व साधारण दहा मिनिटांत उरकावे लागत असल्यामुळे छायाचित्रकारास अंधारखोली बरोबर न्यावी लागे. प्रवासात ही खोली म्हणजे तंबूच असे.

ईथर सुमारे ३४.६ अंश सेल्सिअस तापमानास उकळते. शिरूर व दौंड हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. तेथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या आसपास जातो. म्हणजे इंग्लंडच्या हवेत द्रवरूप राहणारे हे द्रव्य घोडनदीच्या किंवा भीमेच्या काठी उन्हाळ्यात सावलीतही उकळण्याच्या स्थितीत असते. त्याची वाफ हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्यामुळे ती जमिनीलगत पसरते आणि दूरवरच्या दिव्याच्या ज्योतीपर्यंत पोहोचून पेट घेऊ शकते. बंद तंबू, तेलाचा दिवा आणि ईथरची बाटली हा संयोग किती धोक्याचा होता, याची कल्पना यावरून येते. उष्ण प्रदेशांतील छायाचित्रकार ईथरचे प्रमाण कमी करून अल्कोहोलचे प्रमाण वाढवीत असत. त्यामागे काचेवरील थर एकसारखा बसावा हा हेतू असला, तरी त्यामुळे आगीचा धोकाही काही अंशी कमी होत असावा.

ईथरचा दुसरा दोष सावकाश प्रकट होतो. हवा व प्रकाश यांच्या संपर्कात दीर्घकाळ राहिल्यास त्यात पेरॉक्साइड तयार होतात. जुन्या बाटलीच्या बुचाभोवती साचलेले असे स्फटिक केवळ बूच फिरविल्यानेही स्फोट घडवू शकतात.

सायनाइडची निवड का झाली ?

चित्र स्थिर करण्यासाठी सोडियम थायोसल्फेट, म्हणजेच छायाचित्रकारांच्या बोलीतील 'हायपो', उपलब्ध होते. चांदीचे क्षार त्यात विरघळतात, हे जॉन हर्शेल यांनी १८१९ सालीच दाखवून दिले होते. हायपो तुलनेने निरुपद्रवी आहे. असे असताना ओल्या कोलोडियनच्या काळात पोटॅशियम सायनाइडचा वापर सर्रास का झाला, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

याची कारणे व्यावहारिक होती. सायनाइड जलद काम करते, प्रतिमा उजळ देते आणि थोड्या पाण्यात धुतले जाते. हायपो मात्र काचेवरून पूर्णपणे निघून जाण्यासाठी भरपूर पाणी लागते. तो राहिल्यास कालांतराने चित्र खराब होते. ज्या मुलखात पाणी दुरून आणावे लागे, तेथे कमी पाण्यावर भागणारे द्रव्य सोयीचे वाटणे साहजिक होते. अवर्षणग्रस्त प्रदेशातील फिरत्या छायाचित्रकाराच्या दृष्टीने विष व पाणी यांतील ही निवड विषाच्या बाजूने झुकत असे.

सायनाइडची सुमारे २०० ते ३०० मिलिग्रॅम इतकी अल्प मात्राही प्रौढ व्यक्तीस प्राणघातक ठरू शकते. आम्लाशी संपर्क आल्यास त्यापासून हायड्रोजन सायनाइड हा वायू निर्माण होतो. कोलोडियन प्रक्रियेतील प्रकटन द्रावणात फेरस सल्फेटबरोबर ॲसेटिक आम्ल असे. काच नीट न धुता सायनाइडमध्ये टाकल्यास बंद खोलीत हा वायू निर्माण होण्याची शक्यता प्रत्येक चित्रागणिक होती. सिल्व्हर नायट्रेटमुळे बोटांवर पडलेले काळे डाग काढण्यासाठी सायनाइडचा खडा हातावर चोळण्याची प्रथाही त्या काळी होती. त्वचेवर ओरखडा असल्यास या प्रथेचा परिणाम किती गंभीर होऊ शकतो, हे सांगणे नलगे.

रिचर्ड लीच मॅडॉक्स याने १८७१ साली जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली व १८८० च्या सुमारास अशा काचा कारखान्यात तयार होऊ लागल्या. यामुळे ईथर व सायनाइड ही दोन्ही द्रव्ये सामान्य छायाचित्रकाराच्या हातून सुटली. तथापि पायरोगॅलॉलसारखी विषारी प्रकटनद्रव्ये, फिक्या निगेटिव्ह गडद करण्यासाठी वापरला जाणारा मर्क्युरिक क्लोराइड आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम क्लोरेट यांची झगझगीत प्रकाश देणारी भुकटी यांचा वापर पुढेही चालू राहिला.

पुणे जिल्हा : नकाशे, मुद्रण व चित्रपट

पुण्याच्या संदर्भात छायाचित्रणाचा सर्वांत पद्धतशीर शासकीय उपयोग नकाशांच्या छपाईसाठी झाला. पुणे येथील सरकारी फोटोझिंकोग्राफिक कार्यालयातून मुंबई इलाख्याचे नकाशे छापले जात. पुण्यातील आजच्या शासकीय फोटोझिंको मुद्रणालयाच्या नावात ही परंपरा टिकून आहे. मूळ नकाशाचे छायाचित्र घेऊन ते डायक्रोमेटयुक्त कागदामार्फत जस्ताच्या पत्र्यावर उतरविणे, हे या पद्धतीचे सार होय. डायक्रोमेटची प्रकाशसंवेदनशीलता मंगो पाँटन याने १८३९ साली दाखविली होती. या नारिंगी स्फटिकांतील षट्‌संयुजी क्रोमियममुळे त्वचेवर चिवट व्रण होतात व त्याची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास कर्करोगाचा धोका संभवतो. महसुली इतिहासाचा अभ्यासक नकाशाच्या आधारे गावाची शीव पाहतो. त्या रेषेमागे डायक्रोमेटमध्ये हात घालून काम करणारे कारागीर होते, ही गोष्टही इतिहासाचाच भाग आहे.

दादासाहेब फाळके यांनी बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणाचे व छपाईच्या प्रक्रियांचे शिक्षण घेतले व पुढे लोणावळा येथे मुद्रणव्यवसाय केला. १९१३ साली प्रदर्शित झालेल्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाच्या वेळी फिल्मवर प्रक्रिया करण्याचे काम घरातच होत असे. त्यात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा मोठा वाटा होता. फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे व फिल्म धुणे ही कामे त्यांनी शिकून घेतली होती. घरगुती अंधारखोलीत जोखीम कुटुंबातील सर्वांच्या वाट्याला येते, हा मुद्दा यावरून स्पष्ट होतो.

चित्रपटाबरोबर सेल्युलोज नायट्रेट फिल्म हे नवे संकट आले. रासायनिक दृष्ट्या ही फिल्म कोलोडियनचीच भावंड होय. ती जुनी होत असताना आम्लयुक्त वायू बाहेर टाकते. हे वायू बंद डब्यात कोंडल्यास विघटन अधिक वेगाने होते व अखेरच्या अवस्थेत ती सुमारे ४० अंश तापमानासही आपोआप पेटू शकते. ज्वलनासाठी लागणारा प्राणवायू तिच्यातच असल्यामुळे पाण्याने ती विझत नाही. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील रुग्णालयात १५ मे १९२९ रोजी नायट्रेटच्या क्ष-किरण फिल्म पेटून १२० हून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांतील बहुसंख्य विषारी धुराने गुदमरल्या. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठारांना लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडील नायट्रेट फिल्मांचा मोठा साठा नष्ट झाला. ज्या आवारात पूर्वी प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता, त्याच आवारात हे घडले. साठवणीतील त्रुटीमुळे जीवित व वारसा या दोहोंची हानी होते, हे या दोन घटनांवरून दिसून येते.

शिरूर व दौंड : वाहतूक व वसाहत

शिरूर ऊर्फ घोडनदी हे गाव इंग्रजांच्या लष्करी छावणीमुळे प्रसिद्धीस आले. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढलेली कंपनी सरकारची तुकडी शिरूरहूनच निघाली होती. शिरूर पुणे-अहमदनगर मार्गावर असले तरी लोहमार्गापासून दूर राहिले. याउलट दौंडची वाढ रेल्वेमुळे झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पुणे ते दिकसळ हा टप्पा १८५८ च्या अखेरीस खुला झाला व १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर दौंड हे महत्त्वाचे जंक्शन बनले. बोरघाटातील लोहमार्ग मात्र १८६३ मध्ये पूर्ण झाला. तोपर्यंत मुंबई बंदरात उतरलेला माल घाटातून रस्त्याने वर आणावा लागे. आम्लाच्या बरण्या व ईथरच्या बाटल्या यांना अपवाद नव्हत्या.

धोकादायक मालाविषयीची शिस्त सामान्य जनतेस प्रथम रेल्वेने लावली, असे म्हणता येईल. १८९० च्या रेल्वे कायद्यात धोकादायक वस्तू पूर्वसूचना न देता नेण्यास मनाई होती व पुडक्यावर आतील मालाचे स्वरूप नमूद करणे बंधनकारक होते. पुढे अशा मालासाठी 'रेड टॅरिफ' ही स्वतंत्र नियमावली अस्तित्वात आली. तथापि माल स्थानकाबाहेर पडला की ही शिस्त तेथेच संपत असे. बाटलीवरील चिठ्ठी निघून गेली, तरी विचारणारे कोणी नसे.

दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाई यांनी मुक्ती मिशनची उभारणी केली. १८९६-९७ व १९०० च्या दुष्काळांत तेथे आश्रय मिळालेल्या मुलींची छायाचित्रे परदेशी प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तांतून व पुस्तकांतून लोकांसमोर आली आणि त्यांनी मदतीचा ओघ निर्माण होण्यास हातभार लावला. अशा छायाचित्रांचे सामाजिक मोल पाहता जुन्या काचेच्या निगेटिव्ह केवळ घातक अडगळ म्हणून फेकून देणे किती नुकसानकारक ठरेल, हे लक्षात येते. धोका बाटलीतील रसायनांत व नायट्रेट फिल्ममध्ये असतो. धुऊन तयार झालेली काचेची निगेटिव्ह सामान्यतः निर्धोक असते. हा भेद न कळल्यास दोन्ही बाजूंनी चूक होते. वारसा उकिरड्यावर जातो आणि विष घरात राहते.

कायद्याची चौकट

विषारी द्रव्यांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवण्यासाठी १९१९ चा विष अधिनियम लागू झाला. नायट्रेट फिल्मच्या साठवणीसाठी १९४८ चे सिनेमॅटोग्राफ फिल्म नियम करण्यात आले. भोपाळ येथील २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम, कारखाने अधिनियमातील १९८७ ची दुरुस्ती आणि घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यांविषयीचे १९८९ चे नियम अस्तित्वात आले. घातक कचऱ्याबाबत २०१६ चे नियम आहेत.

या चौकटीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेणे आवश्यक आहे. १९८९ च्या नियमांतील महत्त्वाची बंधने रसायनाच्या साठ्याच्या प्रमाणानुसार लागू होतात. त्यामुळे दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील मोठा रासायनिक कारखाना त्यांच्या कक्षेत येतो. मात्र त्याच तालुक्यातील बंद स्टुडिओच्या माळ्यावरील शंभर ग्रॅमची बाटली व्यवहारात कोणाच्याच नजरेस पडत नाही. कारखान्यात प्रशिक्षित सुरक्षा अधिकारी, सुरक्षा माहितीपत्रके व आपत्कालीन आराखडा असतो. घरात यांपैकी काहीही नसते. प्रमाण अल्प असले तरी ज्ञानाचा अभाव असल्यास धोका अल्प राहत नाही.

साठवण व हाताळणीची तत्त्वे

ऐतिहासिक अनुभव व आधुनिक रसायनशास्त्र यांच्या आधारे पुढील तत्त्वे मांडता येतात.

१) ओळख : चिठ्ठी नसलेली बाटली उघडू नये, हुंगू नये. जुन्या अंधारखोलीतील प्रत्येक पांढरे स्फटिक सायनाइड असू शकते असे मानूनच चालावे. बुचाभोवती स्फटिक जमलेली ईथरची किंवा कोलोडियनची बाटली जागेवरून हलवू नये. ती जाणकाराकडेच सोपवावी.

२) विभक्त साठवण : सायनाइड व आम्ले एका कपाटात ठेवू नयेत. सिल्व्हर नायट्रेट, डायक्रोमेट व क्लोरेट ही ज्वलनास साहाय्य करणारी द्रव्ये ईथर, अल्कोहोल, कागद व मॅग्नेशियम यांपासून दूर असावीत. रसायने वर्णानुक्रमे लावण्याची पद्धत या दृष्टीने धोक्याची ठरते.

३) तापमान : ईथर व कोलोडियन अंधाऱ्या, थंड व हवेशीर जागी ठेवावे. पत्र्याच्या छपराखालील माळा यासाठी सर्वस्वी अयोग्य होय. घरगुती फ्रीजमध्येही ते ठेवू नये. त्यातील विजेच्या ठिणगीने वाफ पेटू शकते.

४) न साठवावयाची द्रावणे : सिल्व्हर नायट्रेट व अमोनिया यांचे मिश्रण काही काळ ठेवल्यास त्यातून स्फोटक चांदीची संयुगे तयार होतात. महाविद्यालयीन प्रयोगशाळांनाही लागू असलेला नियम येथेही लागू होतो. लागेल तेवढेच करावे आणि त्याच दिवशी संपवावे.

५) व्यक्तिगत संरक्षण : हातमोजे, चष्मा व खेळती हवा अनिवार्य मानावी. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टीस कायमची इजा होऊ शकते. अंधारखोलीत खाणेपिणे व एकट्याने काम करणे टाळावे.

६) पर्याय : कोलोडियनची काच हायपोमध्येही स्थिर होते. त्यामुळे हौशी व्यक्तीने सायनाइड वापरण्याचे कोणतेही कारण उरत नाही.

७) विल्हेवाट : वापरलेल्या हायपोमध्ये चांदी विरघळलेली असते. ती जलचरांस घातक आहे. घोड नदी भीमेस मिळते व भीमेचे पाणी पुढे उजनी जलाशयात जाते. मोरीत ओतलेले द्रावण शेवटी याच पाण्यात मिसळण्याची शक्यता असते.

८) नायट्रेट फिल्म : चिकट झालेली, उग्र वासाची किंवा तपकिरी भुकटी सुटणारी फिल्म इतर संग्रहापासून त्वरित वेगळी करावी. घट्ट बंद डब्यात कोंडू नये व अभिलेखागाराशी संपर्क साधावा.

स्थानिक साधनांचा विचार

शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहतीत घातक कचऱ्यावरील सामाईक प्रक्रिया व विल्हेवाट केंद्र आहे. दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे रसायने हाताळण्याचा अनुभव असलेले मनुष्यबळ आहे. दोन्ही तालुक्यांत रसायनशास्त्राचे अध्यापन करणारी महाविद्यालये आहेत. म्हणजे राज्यातील अनेक तालुक्यांना जी साधने उपलब्ध नाहीत, ती येथे हाकेच्या अंतरावर आहेत. उणीव आहे ती जुन्या स्टुडिओचे कपाट आणि हे केंद्र यांना जोडणाऱ्या दुव्याची. एखादी व्यक्ती दोन-चार बाटल्या घेऊन अशा केंद्राच्या दारात जाऊ शकत नाही आणि विषारी द्रव्ये एस.टी.ने किंवा दुचाकीवरून नेणे योग्यही नाही. महाविद्यालयांच्या इतिहास व रसायनशास्त्र विभागांनी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शनाखाली संयुक्तपणे नोंदणी मोहीम हाती घ्यावी. रसायनशास्त्राच्या जाणकारांनी बाटल्यांची यादी करावी, इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी निगेटिव्ह व नोंदवह्यांची यादी करावी आणि परवानाधारक वाहतुकीद्वारे घातक माल एकदाच उचलला जावा, असे तिचे स्वरूप असू शकेल. विद्यार्थ्यांनी बाटल्यांना हात लावू नये, हा या मोहिमेचा पहिला नियम असावा.

निष्कर्ष

१) पश्चिम महाराष्ट्रातील छायाचित्रणाचा विकास हा घातक रसायनांच्या वापराचाही इतिहास आहे. हवामान, पाण्याची टंचाई व वाहतूक यांनी त्याला स्थानिक रूप दिले.

२) रसायनांचा धोका प्रामुख्याने कारागीर, साहाय्यक व कुटुंबीय यांच्या वाट्याला आला. त्यांचे श्रम छायाचित्रणाच्या इतिहासात नोंदविले जाणे आवश्यक आहे.

३) साठ्याच्या प्रमाणावर आधारलेले कायदे मोठ्या उद्योगांस लागू पडतात. लहान व विस्मृत साठे त्यांतून निसटतात.

४) रसायनांची विल्हेवाट व निगेटिव्हचे जतन ही परस्परपूरक कार्ये असून ती एकाच वेळी हाती घेतली पाहिजेत.

५) शिरूर व दौंड तालुक्यांत यासाठी आवश्यक साधने उपलब्ध आहेत. ज्या पिढीने या अंधारखोल्यांत काम केले, ती पिढी हयात आहे तोपर्यंतच कोणत्या बाटलीत काय आहे, हे खात्रीने सांगता येईल. त्यानंतर उरतील त्या केवळ चिठ्ठी नसलेल्या बाटल्या. म्हणूनच हे काम लांबणीवर टाकणे इष्ट नाही.